कोरांटी लावायची असेल तर

भिंतीलगत किंवा बांधावर झुडपांची ओळ हवी म्हणून नर्सरीत गेलात, की पुढ्यात येते ती पिवळ्या पानांची ड्युरांटा, नाहीतर बोगनवेल. दोन्ही अमेरिकेकडच्या. दिसायला वाईट नाहीत; पण त्या विकत आणायच्या आणि आपल्याच माळावर, देवळामागे, पडक्या वाड्याच्या भिंतीशी आपसूक वाढणाऱ्या कोरांटीकडे ढुंकूनही पाहायचं नाही, हे मला काही पटत नाही. कोरांटी इथली आहे. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात टिकते, काट्यांमुळे कुंपणाचं काम करते, आणि पाऊस सरल्यावर बागेतली बाकीची झाडं दमलेली असताना ऐन थंडीत फुलते.

तिचं मागणंही थोडं आहे. ऊन, पाणी न तुंबणारी जमीन आणि वर्षातून दोनदा कात्री. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना जमतात. तिसरीवर गाडी अडते, कारण कात्री चुकीच्या महिन्यात चालते आणि मग "आमच्या कोरांटीला फुलंच येत नाहीत" अशी तक्रार सुरू होते. त्यामुळे छाटणीबद्दल पुढे जरा जास्तच लिहिलं आहे. घाई असेल त्यांनी थेट तिकडे जावं.

कोणती कोरांटी हवी ते आधी ठरवा

कोरांटी म्हणून आपल्याकडे मुख्यतः दोन झुडपं ओळखली जातात आणि दोघींचे स्वभाव वेगळे आहेत.

पहिली पिवळी कोरांटी, म्हणजेच काटेकोरांटी. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. कंबरेएवढी ते छातीएवढी वाढते, साधारण 1 ते 1.5 मीटर. फूल पिवळं, त्यात केशरी झाक. पानांच्या बेचक्यात काटे. कुंपण करायचं असेल, जनावरांचा उपद्रव असेल, जमीन मुरमाड असेल, तर हीच घ्या.

दुसरी निळी किंवा जांभळी कोरांटी, बार्लेरिया क्रिस्टाटा. हिच्यात पांढरी, गुलाबी आणि पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली दुरंगीही मिळते. हिच्या बेचक्यात पिवळीसारखे लांब काटे नसतात. फुलाखालच्या पानासारख्या पाकळ्यांची कड तेवढी बोचरी असते. घरात लहान मुलं असतील, दाराशी किंवा गॅलरीत कुंडीत लावायची असेल, तर ही बरी. तमिळनाडूत हिला सरळ 'डिसेंबर पू' म्हणतात, म्हणजे डिसेंबरचं फूल. यावरून बहराचा काळ लक्षात येईल.

नर्सरीत 'लाल कोरांटी' म्हणून जी पसरट, चकचकीत पानांची आणि पोवळ्या रंगाच्या फुलांची कुंडी दाखवतात, ती बहुतेक वेळा बार्लेरिया रेपेन्स असते. ती आफ्रिकेतली. लावायला हरकत नाही, पण देशी झाड हवं म्हणून गेला असाल तर ते हे नव्हे.

सह्याद्रीत कोरांटीची आणखी रानटी भावंडं आहेत. बार्लेरिया गिब्सोनी हे त्यातलं एक. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन, ज्यांनी पुण्याजवळच्या दापोडीची वनस्पती बाग सांभाळली, त्यांच्या नावावरून त्याचं नामकरण झालं. ही रानटी भावंडं डोंगरात पाहावीत, फोटो काढावेत आणि तिथेच राहू द्यावीत. त्यातल्या काहींचा पसारा फार थोड्या जागेपुरता आहे आणि घरच्या बागेत ती रमतील याची खात्री नाही.

ओळख पटवून घ्या

फुलं असताना पिवळी कोरांटी ओळखायला काही लागत नाही. फुलं नसताना मात्र पानाच्या देठाशी नीट बघा. देठ जिथे फांदीला मिळतो तिथे सरळ, फिकट रंगाचे, सुईसारखे काटे बाहेर आलेले असतात. बहुधा तीन ते पाच, एकेक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर लांब. पानं समोरासमोर जोडीनं येतात, लांबट, दोन्हीकडे निमुळती, आणि टोकाला बारीकसं टोचणारं अणकुचीदार टोक. फूल हातात घेतलंत तर लांब नळी दिसेल, वर पाच पाकळ्या. त्यातल्या चार एका बाजूला आणि पाचवी खाली जरा अलग पडलेली. मधून दोन पुंकेसर ठळक बाहेर डोकावतात. फुलाला वास नाही. एका फुलाचं आयुष्य जेमतेम दिवसाचं, पण एकामागून एक उमलत राहिल्यामुळे झुडूप उघडं पडत नाही.

नवख्यांचा एक घोटाळा नेहमी होतो. ओढ्याकाठी, भाताच्या खाचराच्या कडेला, पाणथळ जागी काटे असलेलं आणि जांभळट निळ्या फुलांचं एक झाड दिसतं. त्याला काही जण निळी कोरांटी समजून फांद्या तोडून आणतात. तो तालिमखाना. कुळ एकच, पण त्याला ओल लागते आणि कोरांटीला ओल सोसत नाही. सोपी खूण म्हणजे तालिमखान्याचे काटे आणि फुलं खोडाच्या प्रत्येक पेराभोवती गोल झुबक्यानं येतात. आणि झाड पाण्यात पाय बुडवून उभं असेल तर ती कोरांटी नाही, हे न वाकताही सांगता येतं.

रोप कुठून आणायचं

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कुणाकडून तरी फांदी मागून आणणं. गावाकडे कोरांटी नाही अशी आळी क्वचित सापडेल. शहरात जुन्या बंगल्यांच्या, देवळांच्या, शाळांच्या आवारात शोधा. पावसाळ्याच्या तोंडाला छाटणी चालू असतेच. माळ्याला "चार फांद्या बाजूला ठेवा" म्हटलं की काम झालं. माळरानावरून मुळासकट उपटून आणू नका. एक तर ते झाड बहुधा जगत नाही, कारण मूळ खोल दगडात गेलेलं असतं. आणि फांदीवर जे भागतं त्यासाठी झाड उपटायचं कशाला?

नर्सरीत विचारताना रंग सांगा आणि शास्त्रीय नाव मोबाइलवर लिहून दाखवा. 'वज्रदंती' म्हणून मागू नका. त्या नावानं देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. हिमालयाकडे तर भलतंच झाड त्या नावानं चालतं.

काडीपासून रोप: पायरी पायरीनं

मुहूर्त जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. हवेत दमटपणा असतो, ऊन मऊ असतं, म्हणून काड्या सुकत नाहीत. उन्हाळ्यातही जमतं, पण राखण फार करावी लागते. नवख्या माणसानं पावसाळाच धरावा.

पहिलं काम फांदी निवडण्याचं. शेंड्याची लुसलुशीत, हिरवी फांदी घेतली तर ती चार दिवसांत कुजते. बुडाची तपकिरी, जाड फांदी घेतली तर ती महिनाभर तशीच उभी राहते आणि मुळं धरत नाही. हवी ती मधली: धड कोवळी नाही, धड जून नाही, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. वाकवली तर वाकते आणि जास्त ताण दिला तर कट्कन मोडते, अशी.

तिचे 10 ते 15 सेंटीमीटरचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर निदान तीन पेरं आली पाहिजेत. खालचा काप पेराच्या अगदी खाली तिरका द्या, वरचा काप पेराच्या बोटभर वर आडवा. यात दोन फायदे आहेत. मुळं पेराजवळून लवकर फुटतात, आणि कुठलं टोक खाली हे नंतर विसरायला होत नाही. वाटतं तितकं हे हास्यास्पद नाही. पन्नास काड्यांचा ढीग समोर पडला की उलट्या काड्या खोचल्या जातातच.

खालच्या दोन पेरांवरची पानं आणि काटे काढून टाका. वर पानांची एक जोडी ठेवा. पानं मोठी असतील तर अर्धी कापा. फुलं किंवा कळ्या असतील तर काढाच.

खोचायला मिश्रण साधं: दोन भाग जाड वाळू, एक भाग माती. खत अजिबात नको. मुळं नसलेल्या काडीला खत देऊन उपयोग नाही, उलट बुरशीला आमंत्रण मिळतं. पिशवी, जुना डबा, दह्याचे प्लास्टिकचे कप, काहीही चालेल, फक्त बुडाला भोकं हवीत. आधी बोरूनं किंवा काटकीनं भोक पाडा, मग काडी सरकवा, म्हणजे साल सोलवटत नाही. दोन पेरं मातीत आणि एक वर. बाजूची माती अंगठ्यानं घट्ट दाबा. काडी हलती राहिली तर नवी फुटलेली मुळं तुटतात. मुळं फुटण्याच्या पावडरीवर पैसे घालवू नका, कोरांटीला त्याची गरज पडत नाही.

मग सावलीत ठेवा, पण अंधारात नव्हे. पावसाची सरळ झोड लागणार नाही अशी वळचणीची जागा चांगली. माती ओलसर राहील इतपतच पाणी. तीन ते चार आठवड्यांत वरच्या पेरातून नवी पालवी डोकावते. इथे घाई करायची नाही. काडीत साठवलेल्या अन्नावरही पालवी फुटते, त्यामुळे पालवी आली म्हणजे मुळं आली असं नसतं. पालवीला दोन पूर्ण जोड्या आल्यावर काडी हलकेच वर ओढून पाहा. ती अडली तर मुळं धरली. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसली तर प्रश्नच मिटला.

एकूण काड्यांपैकी काही मरणारच. तेव्हा हव्या असलेल्या रोपांपेक्षा पावपट काड्या जास्त लावा.

बियांपासून करायचं असेल तर

वेळ जास्त लागतो, पण एकदा करून पाहण्यासारखं आहे. निदान बी पाहण्यासाठी तरी. पिवळ्या कोरांटीचं बोंड टोकाला चोचीसारखं निमुळतं असतं आणि त्यात दोन चपट्या बिया असतात. बोंड वाळलं की तडकतं आणि बिया लांब फेकल्या जातात. म्हणून बोंडं तपकिरी व्हायला लागली की वेचा, नाहीतर उघडी टरफलंच हाती येतील. वेचलेली बोंडं कागदाच्या पाकिटात ठेवून तोंड बंद करा. उघड्या ताटलीत ठेवलीत तर बिया घरभर शोधत बसाल.

बी कोरडी असताना रेशमासारखी तुकतुकीत दिसते. तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. अंगाला चिकटून बसलेली लव क्षणात उभी राहते आणि बीभोवती चिकट, पारदर्शक कडं तयार होतं. माळावर पहिल्या पावसात बी वाहून न जाता जमिनीला चिकटते ती यामुळे. हे माहीत असलं की पेरताना एक गोष्ट आपोआप समजते: बी भिजवून मग पेरायची नाही, ती बोटाला चिकटते. कोरडीच पेरा, वर नखाएवढी माती टाका आणि पाणी द्या. जूनमध्ये पेरलेली बी साधारण आठवडा-दोन आठवड्यांत वर येते. निळ्या कोरांटीच्या रंगांची मात्र बियांपासून खात्री देता येत नाही. दुरंगी हवी असेल तर काडीच लावा.

जागा, माती, अंतर

दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा उत्तम. निम्म्या सावलीत झाड जगतं, वाढतंही, पण फांद्या लांबुडक्या होतात आणि फुलं विरळ येतात. निळी कोरांटी त्यातल्या त्यात सावली जास्त सोसते.

मुरमाड, खडकाळ, हलकी, कसलीही जमीन चालते. अडचण एकच, ती काळ्या मातीची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि कोरांटीची मुळं कुजतात. विदर्भ-मराठवाड्यात किंवा नदीकाठच्या शेतात लावणार असाल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि खड्ड्यात निम्मा मुरूम घाला. कोकणात पाऊस प्रचंड असला तरी जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी थांबत नाही, त्यामुळे तिथे ती सुखानं राहते. फक्त पागोळ्यांखाली लावू नका.

कुंपणासाठी पिवळी कोरांटी दीड फुटावर एक. जनावरं शिरू नयेत एवढी दाट भिंत हवी असेल तर दोन ओळी करा, दोन ओळींत एक फूट अंतर, आणि दुसऱ्या ओळीतलं झाड पहिल्या ओळीतल्या दोन झाडांच्या मध्ये येईल असं. तीस फूट लांबीला एका ओळीत साधारण वीस-एकवीस रोपं लागतात, दोन ओळींत चाळीसच्या आसपास. निळी कोरांटी एक फुटावर लावली तरी चालते.

खड्डा फूटभर खोल-रुंद पुरे. तळाशी ओंजळभर कुजलेलं शेणखत, वर माती. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच खोल बसवा, खोड गाडू नका. ऑगस्ट अखेरपर्यंत रोपं जमिनीत गेली पाहिजेत, म्हणजे उरलेल्या पावसात मुळं खाली उतरतात आणि पुढच्या उन्हाळ्याला तोंड देतात. पहिलं वर्षभर शेळ्यांपासून राखण करा. जून झुडपाच्या काट्यांना त्या बिचकतात, कोवळ्या पालवीला नाही.

कुंडीत लावायची तर दहा-बारा इंची घ्या. माती, वाळू आणि शेणखत सारख्या भागांत. दोन-तीन वर्षांनी मुळं कुंडी भरून टाकतात. तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड काढून बाहेरची तिसरा हिस्सा मुळं छाटा आणि नव्या मातीत बसवा.

पाणी आणि खत

यात सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, रोज थोडं थोडं नव्हे. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला पाणी न देताही चालतं. एप्रिल-मेमध्ये पानं गळून ते काटक्यांचा भारा दिसायला लागलं तरी उपटू नका. सालीवर नखानं ओरखडा काढा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे आणि पहिल्या पावसाला फुटेल.

खत वर्षातून एकदा, जूनमध्ये, झाडामागे दोन ओंजळी शेणखत. युरिया घालू नका. पानांचं रान माजतं आणि फुलं मागे पडतात.

छाटणी: सगळी मदार इथे

कोरांटीची फुलं पावसाळ्यात वाढलेल्या नव्या फांद्यांवर येतात, पानांच्या बेचक्यात आणि शेंड्याकडे दाटीनं. म्हणजे पावसाळ्यात जेवढे नवे शेंडे, तेवढा हिवाळ्यात बहर. हे एकदा डोक्यात बसलं की कात्री कधी चालवायची आणि कधी खुंटीला टांगायची, हे पाठ करावं लागत नाही.

मोठी छाटणी बहर संपल्यावर, होळीच्या आसपास. झाड निम्म्यावर आणा. नवख्याचा हात इथे थरथरतो आणि तो नुसते शेंडे खुडतो. मग झाड वर वर वाढत जातं, बुडाशी नुसती उघडी लाकडं राहतात आणि कुंपणाच्या खालून कुत्री आरामात ये-जा करतात. निर्धास्तपणे निम्म्यावर कापा. मेलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. पाच-सहा वर्षांचं म्हातारं झुडूप असेल तर जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं उतरवलं तरी ते पुन्हा फुटतं.

दुसरी छाटणी हलकी, जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला. नवे फुटवे वीतभर झाले की त्यांचे शेंडे दोन पेरांवर खुडा. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फुटतात. जुलै अखेरीस हेच आणखी एकदा करता येईल.

ऑगस्ट संपला की कात्री बंद. गणपतीला पाहुणे येणार म्हणून कुंपण 'नीट' करायची हुक्की अनेकांना येते, आणि ज्यांच्यावर कळ्या धरायच्या तेच शेंडे कचऱ्यात जातात. सोसायटीत माळ्याला दर महिन्याला सगळं सपाट कापायची सवय असते. तिथे कोरांटीच्या ओळीला सप्टेंबर ते फेब्रुवारी हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगून ठेवा. चौकोनी, भिंतीसारखी कापलेली कोरांटी वर्षभर हिरवी राहील, पण फुलणार नाही. तशी भिंतच हवी असेल तर दुसरं झाड लावा.

काम करताना जाड हातमोजे आणि बंद बूट घाला, आणि खाली जुनी चादर अंथरा. कापलेल्या फांद्यांवरचे काटे लवकर कुजत नाहीत. त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकल्या तर वर्षानंतर खत उचलताना हाताला सापडतात. त्यांचा एक चांगला उपयोग आहे: मेथी-कोथिंबिरीच्या ताज्या पेरलेल्या वाफ्यावर या काटक्या पसरा. मांजरं, कोंबड्या, कुत्री उकरायला येत नाहीत, आणि रोपं काटक्यांमधून निवांत वर येतात.

फुलं काढणं आणि ओवणं

फुलं सकाळी काढावीत. अख्खा तुरा तोडायचा नाही. नळी चिमटीत धरून हलकेच ओढली की फूल सुटून हातात येतं आणि काटेरी कोंदण झाडावरच राहतं. मागच्या कळ्या त्याच कोंदणातून उद्या-परवा उमलायच्या असतात. नळी लांब असल्यामुळे फुलं सुईनं ओवता येतात किंवा आबोलीसारखी दोऱ्याच्या गाठीत बांधता येतात. सकाळी केलेला हार संध्याकाळपर्यंत मलूल होतो, हे धरून चाला. पिवळ्या कोरांटीत मधे मधे पांढरी ओवली तर देवघरातल्या तसबिरीला छान दिसतं. पूजेला ही फुलं अनेक घरांत चालतात. आपल्या घरची रीत काय ते मोठ्यांना विचारा.

औषधी उपयोग, आणि कुठे थांबायचं

आयुर्वेदात कोरांटी सहचर, सैरेयक या नावांनी येते, आणि निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांमध्ये, फुलांच्या रंगांवरून पांढरी, पिवळी, तांबडी, निळी असे प्रकार दिलेले आहेत. पिवळीला वज्रदंती म्हणतात ते दातांच्या उपयोगामुळे. विको वज्रदंतीमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेलं. त्या पेस्टच्या घटकांत ही वनस्पती आहेच. खेड्यात दाढ ठणकली की कोरांटीचं पान चावून तिथे धरतात, किंवा पानांच्या काढ्यानं गुळण्या करतात. तेवढ्यापुरता आराम पडतो. किडलेली दाढ यानं बरी होत नाही, ती दंतवैद्यालाच दाखवायची.

दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर पाय चिखलात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर आणि त्या होऊ नयेत म्हणूनही, पावसाळ्यात कोरांटीच्या पानांचा रस तळपायांना चोळायची पद्धत मुंबई इलाख्यात होती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनीही तिची नोंद करून ठेवली आहे. पानं धुऊन वाटायची, फडक्यातून रस पिळायचा, पाय कोरडे करून लावायचा आणि वाळू द्यायचा. कातडी फाटून रक्त किंवा पू येत असेल तर लावू नये. मधुमेह असलेल्यांनी पायांवर असले प्रयोग करूच नयेत.

पोटात घ्यायच्या उपयोगांबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. खोकल्यासाठी मुलांना पानांचा रस, सांधेदुखीला काढा, अशी बरीच माहिती तोंडी आणि मोबाइलवर फिरत असते. कोणतं झाड, कोणता भाग, किती मात्रा, कुणाला, हे वैद्यानं ठरवायचं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांच्यासाठी तर बाहेरून लावण्यापलीकडे जाऊच नका.

किडी आणि फुलपाखरं

त्रास देणारी कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की समजा. थोडेच असतील तर तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. मुंग्यांची रांग खोडावर दिसत असेल तर आधी ती मोडा. पिठ्या ढेकणांना राखणारे हेच पहारेकरी.

पानं कुरतडलेली दिसली तर मात्र फवारा उचलण्याआधी पान उलटून पाहा. काळपट, अंगभर फांद्या फुटलेले काटे असलेल्या अळ्या असतील तर त्या बहुधा पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या. लेमन पॅन्सी कोरांटीच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. त्या काट्यांचा धाक दाखवण्यापुरताच उपयोग. अळ्या थोडी पानं खातील, झाडाला काही होत नाही, आणि छाटणीत आपण त्याहून कितीतरी जास्त पानं काढलेली असतात. बहराच्या दिवसांत फुलांच्या नळीतला मध प्यायला शिंजीर पक्षी येतात. त्या दिवसांत कसलीच फवारणी नको.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

थंड देशांत पिवळी कोरांटी कुंडीतच लावा. रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जायला लागलं की घरात, खिडकीतल्या उन्हात आणा आणि पाणी निम्म्यावर आणा. हिमकण पडले तर वरचं झाड जळतं. ऑस्ट्रेलियात, विशेषतः उत्तरेकडे, आणि पॅसिफिक बेटांवर मात्र लावू नका. तिथे हीच कोरांटी चराऊ रानांत पसरून उपद्रवी तण ठरली आहे आणि सरकार ती काढण्यावर पैसे खर्च करतं. इथून जाणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून बिया मागवणं तर कायद्यातही बसत नाही. तिकडच्या नर्सरीत स्थानिक फुलझाडांची चौकशी करा.